भिंतीकडचा उजेड

१

पांढुर्ण्यात, जाम नदीकडे उतरणाऱ्या बोळीत देवीदास पेंटरचं दोन खोल्यांचं दुकान होतं. मागच्या अंगाला घर. बाहेरच्या खोलीत तो दुकानांच्या पाट्या आणि ट्रकांचे नंबर रंगवायचा. आतल्या खोलीत माणसं रंगवायचा, आणि ती बहुतेक गेलेली असायची. कोणी वारलं की वर्षाच्या आत घरचे लोक पिशवीत फोटो घालून येत. कोणाकडे लग्नाच्या पंगतीतला फोटो, त्यात म्हाताऱ्याचं तोंड नखाएवढं. कोणाकडे ओळखपत्रावरचा, अर्ध्या कपाळावर शिक्का उमटलेला. देवीदास एकेक फोटो खिडकीशी धरून बघायचा आणि निम्मे तिथल्या तिथे परत करायचा.

"हा नाही चालत जी. समोरून फ्लॅश मारला. तोंड पोळपाटासारखं सपाट झालं, नाक कुठी हाय तेच समजून नाही राहिलं."

त्याचं म्हणणं साधं होतं. उजेड एकाच बाजूनं पाहिजे. एक गाल उजळ, दुसरा सावलीत, आणि नाकाची सावली ओठाच्या कोपऱ्याला टेकलेली. तेव्हा कुठं चेहरा कागदावरून वर येतो. चांगला फोटो मिळालाच नाही, तर तो त्याच घरातलं तोंडवळा जुळणारं माणूस बोलवायचा, आतल्या खोलीत खुर्चीवर बसवायचा आणि हवा तसा उजेड घेऊन स्वतःच फोटो काढायचा. नव्या फोटोवरून उजेड-सावली, जुन्यावरून नाकडोळे. कॅमेरा जुना, दोन भिंगांचा, पोटाशी धरून वरचं झाकण उघडायचं आणि मान खाली घालून काचेत बघायचं, असा.

त्या खोलीला एकच खिडकी, पूर्वेची. पूर्वी पश्चिमेलाही एक होती, तीन गजांची. पण शेजारच्या नत्थूजींनी त्या अंगाला भिंतीला भिंत लावून कापसाची खोली बांधली, तेव्हा देवीदासनं ती खिडकी विटांनी बुजवली. वरून गिलावा, त्यावर चुना. याला तीन वर्षं होत आली होती. खिडकी नेमकी कुठं होती हे आता हातानं चाचपूनही कळलं नसतं.

२

सत्त्याऐंशीच्या जानेवारीत, एका सकाळी, रामाकोन्याहून दोघं बहीणभाऊ आले. भाऊ पस्तिशीचा, इस्त्रीचा सदरा घातलेला. बहीण त्याच्याहून थोडी लहान, हाताच्या बोटांना संत्र्याच्या तोडणीचे ओरखडे.

"जयभीम, भाऊ," तो म्हणाला. "मी शालिकराम. सौंसरले कचेरीत चपराशी हाय. हे माही बहीन पुष्पा. आमच्या मायचं चित्र काढाचं होतं. पुढच्या महिन्यात वरीस होते तिले. पुण्यानुमोदनाले सारं गाव येईन, तं समोर ठेवाले चित्र पाहिजे."

"काढू नं. फोटो दाखवा, कोनता बी असन तो."

शालिकराम बहिणीकडे बघायला लागला. पुष्पा म्हणाली, "फोटो तं तुमच्यापाशीच हाय नं जी."

"माह्यापाशी?"

"हाव. माय सांगे. देवीदास पेंटरनं मले खुर्चीवर बसवून फोटो काढला म्हणे. द्याचा राहिला. अंबाबाई. रामाकोन्याची अंबाबाई."

देवीदास ब्रश पुसायच्या निमित्तानं पाठमोरा झाला. ब्रश स्वच्छ होता. तरी त्यानं तो घासलेटात बुडवला आणि फडक्यानं पुसला, पुन्हा बुडवला.

"तो रोल खराब झाला होता," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "पानी गेलं त्याच्यात."

"असं," शालिकराम म्हणाला. त्याच्या आवाजात रागाचं नावही नव्हतं. तेच देवीदासला फार लागलं.

३

खरं असं होतं की पाणीबिणी कशात गेलं नव्हतं. रोलच नव्हता.

चार वर्षांपूर्वी, दिवाळी सरल्यावर, बाजाराच्या दिवशी दुपारी अंबाबाई आली होती. कापूस वेचणारी बाई. नवरा लवकर गेलेला. अंगावर घडीचं लुगडं, केसांना पाण्याचा हात लावून चापून विंचरलेले. ती म्हणाली, "माह्या घरच्याचा एक बी फोटो नाही, बापू. पोराइले बाप कसा दिसे ते सांगू सांगू मी थकली. माहा तरी एक काढून ठेव. मी गेल्यावर त्याइले तोंड तं दिसन."

देवीदासकडे त्या दिवशी एकच रोल होता, नागपूरहून मागवलेला, आणि तो त्यानं दुसऱ्या दिवशीच्या भगवंतरावांच्या मुलीच्या साखरपुड्यासाठी ठेवला होता. भगवंतराव संत्र्यांच्या मोठ्या बगीच्याचे मालक. अंबाबाईला 'पुढच्या बाजारी ये' म्हणता आलं असतं. पण ती आपण होऊन आतल्या खोलीत जाऊन खुर्चीवर बसलीसुद्धा होती, दोन्ही हात मांडीवर ठेवून. लहान पोराला गप्प करायला फोटोवाले करतात तसं त्यानं केलं. रिकामा कॅमेरा हातात घेतला. "हालू नको मावशी. श्वास धर," म्हणाला आणि बटन दाबलं. कॅमेऱ्याचं झाकणसुद्धा उघडलं नव्हतं त्यानं. त्याची नजर दाराबाहेर होती. कोणी गिऱ्हाईक आलं होतं.

पुढल्या वेळी आली की खरा काढू, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. पण ती आली तेव्हा बाहेर चार माणसं बसलेली होती, आणि त्याच्या तोंडून निघालं, "तू हालली मावशी. सारा फोटो पुसट आला."

अंबाबाईचं तोंड उतरलं. "हाव का? म्या तं श्वास बी नवता घेतला, बापू." चूक आपली, असंच ती समजली होती. माफी मागून गेली.

दुसऱ्या खेपेला त्यानं कागद संपल्याचं सांगितलं. तिसऱ्या खेपेला त्याला ती बोळीतून येताना दिसली. तो आत जाऊन बसला आणि बायकोला, चंद्रकलाला, म्हणाला, "सांग घरी नाही म्हनून." त्यानंतर ती आली नाही.

देवीदासची स्वतःची आईही जन्मभर वेचणीलाच गेली होती. लोक त्याला आपल्या समाजातला कलावंत म्हणत, विहारातली चित्रं त्याच्याकडून करून घेत. हे सगळं त्याला आज एकाच वेळी आठवलं. आठवलं नाही ते अंबाबाईचं तोंड. लुगड्याच्या घड्या आठवत होत्या, ओल्या केसांचा भांग आठवत होता. तोंड त्यानं बघितलंच नव्हतं.

४

"पुष्पाचं तोंड मायवर गेलं का?" त्यानं विचारलं.

"कपाळ आन् हनुवटी गेली म्हणते लोकं," शालिकराम म्हणाला. "डोळे नाही. मायचे डोळे आंदर होते."

मग देवीदासनं नेहमीचा मार्ग सांगितला. पुष्पाला बसवून फोटो काढायचे, आणि चित्र करताना शालिकरामनं शेजारी बसून वय वाढवायला, डोळे बदलायला मदत करायची. परवा या, मायचं लुगडं असेल तर नेसून या. एक पैसाही घेणार नाही, हे त्यानं इतक्या घाईनं सांगितलं की शालिकराम चमकून त्याच्याकडे बघत राहिला.

परवा सकाळी ते आले. देवीदासनं खिडकीची दोन्ही दारं उघडली. पुष्पाला दक्षिणेच्या भिंतीपाशी बसवलं, तिच्या उजव्या हाताला खिडकी येईल अशी. डाव्या हाताला बुजवलेली भिंत. तिकडे काठीवर धुतलेलं पांढरं धोतर टाकलं, म्हणजे सावलीतला गाल अगदीच काळा पडू नये. नवा रोल त्यानं शालिकरामच्या समोर कॅमेऱ्यात भरला.

"हनुवटी थोडी खाली. हां. खांदा सैल सोड."

चार फोटो झाले. पुष्पा सारखी पदर पुढे ओढत होती, डाव्या बाजूनं. त्यानं दोनदा जाऊन पदर मागे सारला. तिसऱ्यांदा तिनं डावा डोळाही बारीक केला.

"डोळा काहून मिचकावते?"

"इकडून ऊन येऊन राहिलं नं जी तोंडावर."

"इकडून?" देवीदास हसला. "तिकडं भिंत हाय, बाई. त्याच्यामागं नत्थूजीचा कापूस. ऊन तं खिडकीकडून हाय."

पुष्पानं मान वळवून भिंतीकडे बघितलं आणि ओशाळून पुन्हा समोर तोंड केलं. पण पुढचे आठही फोटो काढेपर्यंत तिचा डावा डोळा बारीकच होता.

५

दुपारी मागच्या कोठीत, दाराच्या फटींना गोणपाट लावून, लाल दिव्याखाली त्यानं फोटो धुतले. औषधाच्या परातीत पहिला कागद हळूहळू काळा व्हायला लागला. आधी केस आले, मग भुवया, मग गाल. देवीदास कागद चिमट्यानं हलवत होता, तो थांबला.

उजेड भिंतीकडून आला होता.

डावा गाल लख्ख, उजवा सावलीत. नाकाची सावली ओठाच्या उजव्या कोपऱ्याला टेकलेली. अगदी त्याला आवडायची तशी, फक्त उलट्या बाजूची. फिल्म उलटी ठेवून छापली, हा पहिला विचार. त्यानं नीट बघितलं. नाकातला खडा डाव्याच नाकपुडीत होता. पदर डाव्याच खांद्यावर. फिल्म सरळ होती. मग धोतर, दुसरा विचार. पांढऱ्या धोतरानं उजेड जास्तच परतवला असेल. हिवाळ्याचं कोवळं ऊन, धोतर पांढरंशुभ्र. असं होत नाही हे त्याला ठाऊक होतं. परतलेला उजेड मूळ उजेडाहून जोरकस नसतो. तरी तो विचार त्यानं धरून ठेवला आणि बाकीचे अकरा छापले.

बाराच्या बारा तसेच. वाळायला दोरीवर लावताना त्याला आणखी एक दिसलं. पहिल्या फोटोत नव्हतं. पाचव्यापासून होतं. पुष्पाच्या उजळ गालावरून खाली मांडीपर्यंत तीन सावल्या उतरल्या होत्या, सारख्या अंतरावर, बोटाएवढ्या जाड. गजांच्या.

पूर्वेच्या खिडकीला गज नव्हते. जाळी होती.

६

तो आतल्या खोलीत गेला आणि पश्चिमेच्या भिंतीला हात लावला. जानेवारीची भिंत, थंड पाहिजे. एका जागी ती कोमट होती. हात सरकवत त्यानं कोमट जागेची कड शोधली. वर, खाली, दोन्ही बाजूंना. चौकोन निघाला.

तो तसाच बाहेर पडून नत्थूजींकडे गेला. "कापसाच्या खोलीत चूलबिल पेटवली का जी?"

"कापसात चूल?" नत्थूजी त्याच्याकडे बघत राहिले. "येडा झाला का, देवीदास?" त्यांनी कुलूप काढून दाखवलं. खोली जमिनीपासून आढ्यापर्यंत कापसानं भरलेली, आत अंधार, आणि दाबलेल्या सरकीचा वास. भिंत दिसतही नव्हती.

घरी आल्यावर चंद्रकलानं त्याचा चेहरा बघितला आणि दोरीवरचे फोटो बघितले. ती फोटोतलं फार समजायची नाही. पण तिनं विचारलं, "हे कोनाचं लुगडं?"

"रामाकोन्याच्या अंबाबाईचं. वारली ते. तिची पोरगी हाय."

चंद्रकला दोरीपासून बाजूला झाली. मग म्हणाली, "त्या बाईले म्या तोंडावर खोटं सांगतलं होतं. तुमच्या पायी."

"मालूम हाय मले."

"तुमाले सारं नाही मालूम. म्या घरी नाही म्हणलं, तं ते वट्यावर बसली, पानी मांगलं. म्या पानी देऊन राहिली होती आन् तुमी आतून खोकलले." तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. "तिनं आयकलं. गिलास खाली ठेवला आन् म्हणली, असू दे माय, कामात असतीन ते. आन् गेली. मले आजवर कोनाले सांगाले तोंड झालं नाही."

भिंतीच्या उबेचं देवीदासला आता काही वाटेना. त्याच्या कानात फक्त स्वतःचा खोकला येत होता, चार वर्षांपूर्वीचा, आणि ओट्यावर गिलास ठेवल्याचा आवाज.

७

त्यानं कार्ड टाकून बहीणभावाला पुन्हा बोलावलं. फोटो बिघडले, असं लिहिलं. लिहिताना पेन दोनदा थांबलं. हे वाक्य त्या घरी आधी एकदा पोचलं होतं. आल्यावर सगळं खरं सांगायचं, हे त्यानं पक्कं केलं. ते आले, चहा झाला, शालिकराम कचेरीतल्या बदल्यांचं बोलत बसला, आणि देवीदास काहीच बोलला नाही.

या वेळी त्यानं भिंतीवर काळं घोंगडं टांगलं, वरपासून खालपर्यंत. धोतर काढून टाकलं. तिकडून आता उजेडाचा कणही यायला नको. शालिकराम बाहेर ओट्यावर बिडी ओढायला गेला. पुष्पा खुर्चीवर बसली. देवीदासनं कॅमेऱ्याचं झाकण उघडलं आणि मान खाली घातली.

काचेत आधी लुगडं दिसलं. मग मांडी. मांडीवर उन्हाचा पट्टा पडला होता, तीन गजांनी कापलेला. उतरत्या दुपारचं तांबूस ऊन. सकाळचे नऊ वाजले होते.

त्या उन्हात दोन हात ठेवलेले होते. पुष्पाचे नव्हते. बोंडांच्या काट्यांनी नखांच्या कडा फाटलेल्या, उजव्या मनगटात चांदीचं झिजलेलं कडं, आणि बोटं एकमेकांना घट्ट धरून ठेवलेली, फोटो पहिल्यांदा काढताना माणूस धरतो तशी.

त्यानं मान वर केली. समोर पुष्पा होती. साधी, सकाळच्या उजेडातली, पदर सावरत असलेली. मनगटात काचेच्या बांगड्या. त्यानं पुन्हा खाली बघितलं. हात तिथंच होते. आणि त्याच्या लक्षात आलं की हातांच्या मागे छातीवरचं लुगडं हलत नाही. वर नाही, खाली नाही. जी कोणी तिथं बसली होती, तिनं श्वास धरला होता. कोणीतरी तिला धरायला सांगितला होता, आणि सोड असं अजून कोणी म्हणालं नव्हतं.

कॅमेरा दोन बोटं वर उचलला की तोंड दिसणार होतं.

पळून जावं, कॅमेरा आपटावा, असं सगळं त्याच्या मनात येऊन गेलं. पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी छातीवर बसलं होतं. ही बाई चारदा आली होती, आणि त्यानं एकदाही तिच्या तोंडाकडे बघितलं नव्हतं. त्यानं कॅमेरा उचलला.

काय दिसलं, ते देवीदासनं पुढे कोणालाही सांगितलं नाही. चंद्रकलालाही नाही. बटनाचा आवाज झाला. मग त्याच्या तोंडून शब्द निघाले, "झालं मावशी. सोड श्वास."

"मावशी कोनाले म्हणता जी?" पुष्पानं विचारलं. आणि लगेच तिनं डावा हात गालाला लावला. "ऊन गेलं वाटते."

तो रोल त्यानं धुतला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅनव्हास लावला आणि समोर एकही फोटो न ठेवता रंगवायला बसला. शालिकरामला बोलवायची गरज पडली नाही. आत गेलेले डोळे, एका भुवईवरचा जुना व्रण, खालचा ओठ किंचित वळलेला, हसू आवरताना होतो तसा. अकरा दिवस लागले. चौकट त्यानं स्वतः ठोकली, माप न घेता, हाताला आली तशी.

८

पुण्यानुमोदनाच्या दिवशी सकाळच्या बसनं तो चित्र कापडात गुंडाळून निघाला. सौंसरला गाडी बदलली. रामाकोन्याला शालिकराम स्टँडवर घ्यायला आला होता. घर कौलारू, दोन खणांचं. पुढच्या खणात लोक बसायला लागले होते. देवीदासनं कापड सोडलं, तशी पहिल्यांदा एक म्हातारी उठली. लीलाबाई, शेजारीण, अंबाबाईसोबत वीस वर्षं वेचणीला गेलेली. तिनं चित्राच्या तोंडावर तोंड आणलं, भुवईवरच्या व्रणाला बोट लावलं आणि रडायला लागली.

"हा व्रण तुमाले कोनं सांगतला, भाऊ?" शालिकरामनं विचारलं. "आमी तं सांगतलाच नाही. विळा लागला होता तिले, मी पोटात असताना."

देवीदासनं सोडलेल्या कापडाची घडी केली. तो म्हणाला, "शालिकराम, आंदर चाल जरा. पुष्पाले बी बोलाव."

आतला खण चुलीच्या धुरानं काळा झालेला होता. तिथं उभं राहून त्यानं एका दमात सगळं सांगितलं. रिकामा कॅमेरा. भगवंतरावांचा साखरपुडा. तू हालली म्हणून सांगितलं ते. खोकला. बोलताना त्याची नजर जमिनीवरच्या सारवणाच्या रेघांवर होती.

मग पुष्पा बोलली, पण भावाशी.

"दादा, मंग माय काय पुसे?"

"काय पुसे म्हणजे?" देवीदासनं विचारलं.

शालिकरामनं समोरच्या भिंतीकडे बोट केलं. त्या काळ्या भिंतीवर डोक्याएवढ्या उंचीला एक खिळा होता. खिळ्याखाली एक चौकोन, कडा सुतात धरल्यासारख्या सरळ, आणि त्याच्या आतली भिंत स्वच्छ, फिकट पिवळ्या मातीची. वर्षानुवर्षं तिथं चौकट टांगलेली असावी आणि आजच काढली असावी, असा.

"ते तुमच्याकडून आली त्या दिवशी तिनं खिळा ठोकला," शालिकराम म्हणाला. "फोटो येईन म्हनून. मंग दोन-तीन महिन्यानं रोज सकाळी पदरानं भिंत पुसाले लागली. तेवढीच जागा. पुसे आन् आमाले म्हणे, पाह्य पुष्पे, डोळे उघडे आले माहे. पाह्य, हालली नाही मी. आमी म्हणलं, म्हातारी झाली, डोकं फिरलं. तिथं काही नवतं, भाऊ. कधीच नवतं." तो थांबला. "आमाले वाटे तुमी काढलेला फोटो तिले मनात दिसून राहिला. तुमी काढलाच नाही, तं तिनं पाह्यलं काय?"

देवीदास त्या चौकोनापाशी गेला.

बाहेरून कोणीतरी हाक मारली, भन्तेजी आले म्हणून. शालिकरामनं डोळे पुसले, बाहेर जाऊन चित्र आणलं आणि देवीदासच्या हातात दिलं. त्याच्या तोंडावर राग नव्हता. माफीही नव्हती.

"आंधी इथं तुमीच टांगा," तो म्हणाला, आणि बहिणीला घेऊन बाहेर गेला.

देवीदासनं दोरी खिळ्यावर चढवली आणि चौकट सोडली. ती भिंतीला टेकली. फिकट चौकोन चारही बाजूंनी तिच्याखाली गेला. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, कुठंही सूतभर कड उरली नाही. तो दोन पावलं मागे आला. आता मान वर करून बघायचं राहिलं होतं. बाहेर त्रिशरण सुरू झालं, सगळ्यांचा आवाज एकदम उठला, आणि देवीदास त्या काळ्या खोलीत हात जोडून, खाली मान घालून उभा राहिला.